पैसा सारखा, तर ताटही सारखेच हवे!

लातूर जिल्ह्याच्या टोकाला, नांदेड जिल्ह्याच्या हद्दीलगत जळकोट हे तालुक्याचे गाव आहे. आजूबाजूच्या खेड्यांतून, तांड्यांवरून माणूस येथे तहसीलच्या कामाला येतो, बँकेत येतो, बी-बियाणे आणि खत न्यायला येतो. दुपार झाली की त्याला भूक लागते. घर दूर, गाडीला वेळ. मग तो हॉटेलची पायरी चढतो. मुंबई-पुण्याच्या माणसाला हॉटेलात जेवणे ही चैन वाटत असेल. तालुक्याच्या गावी आलेल्या शेतमजुराची, विद्यार्थ्याची, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेल्या बाईची ती गरज असते. म्हणूनच हॉटेलात काय मिळते, कसे मिळते आणि कोणाला कसे मिळते, हा प्रश्न आम्ही किरकोळ मानत नाही.

या गावातील एका खानावळीविषयी आम्ही निरनिराळ्या लोकांकडून निरनिराळे ऐकतो. तिचे नाव येथे देण्याचे कारण नाही. अशी खानावळ मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे आणि प्रत्येक वाचकाने ती पाहिलेली आहे. एक शिक्षक सांगतात, भाकरी तव्यावरून थेट ताटात येते, बेसन झणझणीत, ठेचा आणि कांदा मागेल तितका. या भावात असे जेवण दुसरीकडे मिळणार नाही. एक विद्यार्थी म्हणतो, सकाळची भाजी संध्याकाळी पाणी घालून वाढतात आणि भज्याचे तेल काळेकुट्ट झाले तरी बदलत नाहीत. तांड्यावरचा एक म्हातारा म्हणतो, जेवण चांगले आहे, पण आमच्या पुढ्यात ताट सर्वांच्या शेवटी येते. आणि भीमनगरातला एक तरुण म्हणतो, मी पाणी मागितले तेव्हा वाढप्या पोऱ्याने बाहेरच्या माठाकडे बोट दाखविले. शेजारच्या टेबलावर मात्र जग भरून ठेवला होता.

खानावळ एक, आचारी एक, गल्ल्यावर बसणारा मालक एक. मग अनुभव चार प्रकारचे कसे? यातला खरा कोण आणि खोटा कोण, असा वाद घालण्यात अर्थ नाही. चौघेही खरे बोलत आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, या चार तक्रारी एकाच जातीच्या नाहीत. शिळी भाजी ही सर्वांना मिळालेली वाईट सेवा आहे. बाहेरचा माठ ही निवडून, माणूस पाहून दिलेली वाईट सेवा आहे. पहिली हा धंद्यातला अप्रामाणिकपणा आहे, दुसरी हा गुन्हा आहे. दोहोंवर कायद्यात इलाज आहे, पण इलाज वेगवेगळा आहे. आपले बांधव अनेकदा या दोहोंची गल्लत करतात. कुणी थंड भाकरीतही जात शोधतो, तर कुणी उघड उघड जातीय वागणूक ‘जाऊ द्या, त्यांची सर्व्हिसच तशी आहे’ म्हणून गिळून टाकतो. आमच्या मते दुसरी चूक जास्त घातक आहे, कारण तीमुळे विषमतेला बेफिकीर नोकराचा मुखवटा घालून वावरता येते.

हॉटेलचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. आमच्या आधीच्या पिढीने मराठवाड्यातील चहाची हॉटेले पाहिली आहेत. आपल्या माणसासाठी कान तुटलेली कपबशी बाहेर वळचणीला किंवा कोनाड्यात ठेवलेली असे. ती आपणच घ्यायची, वरून ओतलेला चहा उकिडवे बसून प्यायचा, आपणच विसळून पुन्हा जागेवर ठेवायची, आणि पैसे मात्र पूर्ण मोजायचे! पैशाला विटाळ नव्हता, कपाला होता. पैसा आणि शिक्षण आले की जात आपोआप जाते, असे सांगणाऱ्यांनी बाबासाहेबांचा बडोद्याचा अनुभव आठवावा. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशांच्या एका विश्रामगृहात पारशी नावाने राहावे लागले आणि जात कळताच लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. ते भाडे देणारे ग्राहक होते! त्या काळच्या हिंदुस्थानात त्यांच्याइतके शिकलेली माणसे मोजकीच होती. तरीही त्यांची जागा रस्त्यावर ठरविली गेली.

हॉटेलात बसल्यावर पहिली वस्तू समोर येते ती पाण्याचा ग्लास. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जो संगर झाला तो याच पाण्यासाठी होता. त्याआधी १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातील सार्वजनिक खर्चाचे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या होत्या. परंतु तो ठराव सरकारी खर्चाच्या जागांपुरता होता. खाजगी मालकाचे दुकान, खाजगी मालकाचे हॉटेल त्यात नव्हते. ‘माझे हॉटेल, मी कुणालाही घेईन किंवा घेणार नाही’ असे म्हणायला मालक मोकळा होता. हे दार उघडले ते भारतीय संविधानाने.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, संविधान सभेत दुकाने आणि उपाहारगृहे सर्वांना खुली करणाऱ्या कलमावर चर्चा झाली. ‘दुकान’ या शब्दात काय काय येते, असा प्रश्न तेव्हा निघाला. बाबासाहेबांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, जो कोणी येणाऱ्याला आपली सेवा देण्यास तयार होऊन बसतो, त्याची ती जागा म्हणजे दुकान. न्हाव्यापासून धोब्यापर्यंत सर्वांना त्यांनी या एका व्याख्येत आणले. हीच व्यापक व्याख्या पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगी शिक्षणसंस्थांबाबतच्या निकालातही आधाराला घेतली. आज संविधानाच्या कलम १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणावरून कुणालाही मज्जाव करता येत नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे. मूलभूत हक्क बहुतेक करून शासनाविरुद्ध वापरायचे असतात. हा हक्क मात्र थेट गल्ल्यावर बसलेल्या मालकाविरुद्ध आहे. घटनाकारांची दूरदृष्टी ती हीच!

जगाकडे पाहिले तरी हा प्रश्न किती मूलभूत आहे ते कळते. अमेरिकेत ग्रीन्सबरो नावाच्या गावी १ फेब्रुवारी १९६० रोजी चार काळे विद्यार्थी वूलवर्थ नावाच्या दुकानात गेले. त्या दुकानात काळ्या माणसाला सामान विकत घेता येत होते, पण तिथल्या जेवणाच्या टेबलाशी बसून खाता येत नव्हते. ते चौघे बसले आणि उठायला तयार झाले नाहीत. त्यांच्यामागे हजारो तरुण गावोगाव असेच बसले. त्या दुकानाला त्याच वर्षी जुलै महिन्यात माघार घ्यावी लागली आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सबंध अमेरिकेत ही बंदी बेकायदेशीर ठरली. आपल्या देशात असा कायदा त्यापूर्वी नऊ वर्षे, १९५५ मध्ये झालेला होता. आपण कायद्यात पुढे होतो. बसून राहण्यात मागे पडलो काय, याचा विचार आपण करावयाचा आहे.

१९५५ च्या या कायद्याचे मूळ नाव अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम. १९७६ पासून त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात. त्याची दोन कलमे प्रत्येक बांधवाने पाठ करावीत. कलम ४ प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात प्रवेश नाकारणे तर गुन्हा आहेच, पण तेथे सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा आहे. या कायद्याच्या व्याख्येत हॉटेल म्हणजे चहा-फराळाची जागा, खानावळ, कॉफी हाऊस हे सारे येते. कलम ६ त्याहून बारकाईने लिहिलेले आहे. इतर गिऱ्हाइकांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी आणि ज्या अटींवर माल किंवा सेवा दिली जाते, त्याच वेळी, त्याच ठिकाणी आणि त्याच अटींवर ती देण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून नकार देणे हा गुन्हा आहे. वाचकहो, हे तीन शब्दप्रयोग नीट पाहा. नुसते ‘जेवण दिले ना!’ म्हणून मालक सुटत नाही. उशिरा दिले, बाहेर बसवून दिले, वेगळ्या भांड्यात दिले, तर कायद्याची नजर तिकडे वळते. कलम ६ खाली शिक्षा झाली तर त्या धंद्याचा परवाना रद्द किंवा निलंबित करण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकते. आणि कलम १२ प्रमाणे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे असते. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीत बौद्धांचाही समावेश झालेला आहे. त्याशिवाय अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ मध्ये झालेली आणि २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आलेली दुरुस्ती आहे. दुकानात वा सार्वजनिक ठिकाणी जाण्यास, किंवा तेथील सर्वांच्या वापराची भांडी वापरण्यास अटकाव केल्यास तीत सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आता काही जण म्हणतील, वकीलसाहेब, कपबशी गेली, कागदी कप आला. कशाला जुनी भुते उकरता? कागदी कपाने पुष्कळ ठिकाणी प्रश्न झाकला हे खरे आहे. झाकला म्हणजे मिटला असे नव्हे. चार जणांना स्टीलचा ग्लास आणि पाचव्याला न मागता कागदी कप, हे दृश्य कुणी पाहिलेच नाही काय? आणि हे खेड्यापुरतेच आहे असेही समजू नये. मुंबईच्या आयआयटीत २०२३ मध्ये वसतिगृहाच्या भोजनगृहात केवळ शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी टेबले राखून ठेवली गेली आणि त्याला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. कपबशीची जागा टेबलाने घेतली. माणसाला जेवताना वेगळे बसविण्याची हौस मात्र तीच आहे.

तेव्हा खानावळीत वाईट वागणूक मिळाली तर प्रथम काय करावे? रागाच्या आधी नजर वापरावी. ही वागणूक सर्वांना आहे की आपल्यालाच? आपल्या आधी आणि नंतर आलेल्यांना ताट केव्हा मिळाले? ग्लास, ताट, बसायची जागा तीच आहे काय? मालकाला किंवा वाढप्याला आपली जात, वस्ती, आडनाव माहीत आहे काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की तक्रार कोणत्या वाटेने न्यायची ते आपोआप ठरते.

वागणूक सर्वांनाच वाईट असेल, तर ती ग्राहकाची तक्रार आहे आणि त्यात सर्व जातींच्या गिऱ्हाइकांना सोबत घेता येते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ प्रमाणे प्रत्येक खाद्यविक्रेत्याला, मग तो गाडेवाला का असेना, परवाना किंवा नोंदणी लागते. तिचा क्रमांक १४ अंकी असतो आणि १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर लिहिणे बंधनकारक आहे. पुन्हा पुन्हा तापविल्याने तेलात जे अपायकारक घटक तयार होतात त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले, तर ते तेल वापरता येत नाही. हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. भजी-वडे वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देण्यालाही २०१८ च्या नियमांनी मनाई आहे, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. आपले वृत्तपत्र वाचण्यासाठी आहे, भज्याचे तेल टिपण्यासाठी नाही! याबाबत अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार करता येते. फसवणूक झाली, नुकसान झाले तर ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. हे आम्ही वकील असून सांगत आहोत. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

वागणूक आपल्यालाच वाईट असेल, तर तेथे तडजोडीचा चहा पिऊ नये. तारीख, वेळ, कोण काय बोलले, कोण हजर होते हे त्याच दिवशी कागदावर लिहून काढावे. बिल मागावे. फोनवरून पैसे दिले तर दिवस, वेळ आणि रक्कम यांचा पुरावा आपोआप राहतो. नंतर पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. नागरी हक्क कायद्याचे गुन्हे दखलपात्र आहेत, आणि अॅट्रॉसिटीचा तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. मात्र थंड भाकरीवर अॅट्रॉसिटी लावायला निघू नये. जो कायदा मिळवायला पिढ्या गेल्या, त्याची धार फालतू भांडणात बोथट करणे म्हणजे प्रस्थापितांच्या हाती कोलीत देणे होय.

येथे तांड्यावरच्या त्या म्हाताऱ्याची आठवण ठेवली पाहिजे. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत मोडतो. त्यामुळे अॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण त्याला मिळत नाही आणि कलम १२ चे गृहीतकही त्याच्या बाजूने उभे राहत नाही. संविधानाचे कलम १५ मात्र त्याचेही आहे. त्याचे ताट शेवटी येत असेल, तर शेजारच्या टेबलावरच्या आपल्या तरुणाने ‘आजोबा आमच्या आधी आले आहेत, त्यांना आधी वाढा’ एवढे म्हणायला काय हरकत आहे? समता ही केवळ स्वतःच्या ताटापुरती मागायची वस्तू नव्हे.

आणखी एक बाजू आहे. ती गल्ल्यावरून दिसत नाही, मोरीपाशी गेले की दिसते. अनेक खानावळींत खरकटी भांडी घासायला बसलेली बाई आपल्या वस्तीतली असते. तिने धुतलेले ताट सर्वांना चालते. तिच्याच मुलाने त्या ताटात जेवलेले मात्र मालकाच्या डोळ्यांत खुपते! हा कोणता विटाळ आहे? आणि तिच्या शेजारी कपबशा विसळणारे पोर जर १४ वर्षांच्या आतले असेल, तर तेही बेकायदेशीर आहे. हॉटेल-ढाब्यांवर बालकामगार ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती सर्वच धंद्यांना लागू केली. ‘सर्व्हिस स्लो आहे’ म्हणून त्या पोरावर खेकसणारे गिऱ्हाईक आपल्यातही असते. शिकलेल्या, नोकरदार बांधवांनी स्वतःला विचारावे की, वाढप्याला आपण ‘ए’ म्हणून हाक मारतो की ‘दादा’ म्हणून?

शेवटचा मुद्दा आपल्या स्वतःच्या हॉटेलांचा. आपले काही तरुण हिमतीने मेस, चहाचे हॉटेल, नाश्त्याचा गाडा टाकतात. येथे कायद्याची मर्यादा कळते. मालकाने गिऱ्हाइकाला जातीवरून परत पाठविले तर तो गुन्हा. पण गिऱ्हाइकाने मालकाची जात पाहून पायरी चढायचीच नाही असे ठरविले, तर त्याला आत आणणारे कलम नाही. याच दुखण्यावर बोट ठेवून २०२४ मध्ये उत्तर प्रदेश व उत्तराखंडात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांना आपली नावे पाटीवर लिहायला सांगण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२४ रोजी त्याला अंतरिम स्थगिती देताना म्हटले की, कोणते अन्न विकता ते सांगावे, नाव सांगण्याची सक्ती करता येणार नाही. अन्नाचा दर्जा विचारा, स्वयंपाक करणाऱ्याची जात विचारू नका, असाच याचा अर्थ आम्ही घेतो.

अशा तरुणाच्या पाठीशी समाजाने उभे राहायचे म्हणजे काय करायचे? जयंतीच्या बॅनरवर त्याचा फोटो छापून भागत नाही. तेथे जाऊन जेवावे आणि रोख पैसे द्यावेत. ‘आपल्याच माणसाचे हॉटेल आहे’ म्हणून उधारीची वही भरविणारे बांधव त्या हॉटेलचे जितके नुकसान करतात, तितके जातीयवादीही करीत नसतील. आणि त्या तरुणानेही लक्षात ठेवावे की, ‘जय भीम’ म्हणून आलेला माणूस एकदाच येतो. पुन्हा येतो तो स्वच्छ ग्लासासाठी आणि गरम भाकरीसाठी.

जळकोटच्या त्या खानावळीवर बहिष्कार टाका, असे आम्ही म्हणत नाही. तेथील बेसन-भाकरी चांगली आहे, ती सोडून पळायचे कारण नाही. भीमनगरातल्या त्या तरुणाने उद्या पुन्हा तेथे जावे, सोबत दोन मित्र न्यावेत, मधल्या टेबलावर बसावे आणि जगातले पाणी मागावे. मिळाले तर प्यावे आणि मालकाला तसे बोलूनही दाखवावे. न मिळाले तर शांतपणे बिल घ्यावे आणि थेट पोलीस ठाणे गाठावे. पुढचे काम आम्ही वकील मंडळी करू.